आधी बैठक, मग स्पीकर

“काय रे, काय म्हणाला तो?” सिनेमा लागला की वडील हा प्रश्न दर दहा मिनिटांनी विचारायचे. टीव्हीचा आवाज त्यांना पुरत नाही असं वाटून मी पाच स्पीकर आणि एक सबवूफर घरी आणला. आमचा हॉल रुंदीला 10 फूट, लांबीला 14. दुकानातून आलेल्या माणसाने तासाभरात सगळं जोडलं. जिथे जागा दिसली तिथे स्पीकर ठेवले, तारा सोफ्यामागून नेल्या, एक मारामारीचा प्रसंग मोठ्याने लावून दाखवला आणि तो गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या, आम्ही खूश झालो. त्याच रात्री वडिलांनी पुन्हा विचारलं, “काय म्हणाला तो?” आणि आता दर पाच मिनिटांनी.

कारण सापडायला मला काही महिने लागले. सिनेमातल्या संवादांचा बहुतेक सगळा भार ज्याच्यावर असतो तो मधला, म्हणजे सेंटर स्पीकर, टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात हातभर आत ढकललेला होता. वरच्या आणि बाजूच्या फळ्यांवर आपटून त्याचा आवाज पेटीत तोंड घालून बोलल्यासारखा येत होता, आणि त्याचं तोंड होतं आमच्या गुडघ्यांकडे. मी तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला. दार आपटू नये म्हणून लावतात ते दोन रबरी तुकडे त्याच्या पुढच्या बाजूखाली सरकवले आणि त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. त्यानंतर वडिलांचा प्रश्न क्वचितच आला. ही पुस्तिका लिहायला मी पुढे बऱ्याच वर्षांनी बसलो, पण तिची सुरुवात त्या संध्याकाळची आहे.

लहान हॉलमध्ये होम थिएटर लावणाऱ्याने दोन गोष्टी धरून ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे. पहिली, घरची माणसं कुठे बसणार हे आधी ठरवायचं आणि स्पीकरच्या जागा तिथून मोजायच्या. दुसरी, यंत्रणा चांगली लागली की नाही याची परीक्षा स्फोटावर घ्यायची नाही, हळू आवाजात बोललेल्या वाक्यावर घ्यायची. मराठी प्रेक्षकाला हे निराळं सांगायला नको. नाट्यगृहात नटाचं वाक्य पोचलं नाही की शेवटच्या रांगेतून “आवाज!” अशी हाक येते. तिथे मागणी असते ती शब्द कळण्याची.

घरात उलटं घडतं, कारण आपण स्पीकर सामानासारखे मांडतो. कपाटाला कपाट, फुलदाणीला फुलदाणी जुळावी तसे कोपरे भरतो. डावा स्पीकर शोकेसमध्ये, उजवा शू-रॅकवर, मागचे दोन पडद्याच्या दांड्याशेजारी छताला चिकटवलेले. दिसायला वाईट दिसत नाही, पण कानाला त्याचा अर्थ लागत नाही.

कानाला अर्थ कसा लागतो, ते थोडं जुन्या गोष्टीपासून सांगतो. ॲलन ब्लमलाइन हा इंग्लंडमधला अभियंता. बोलपट नवे होते तेव्हा तो पत्नीबरोबर सिनेमाला गेला होता आणि पडद्यावरचा माणूस एकीकडून दुसरीकडे चालत गेला तरी आवाज एकाच जागेवरून येतो हे त्याला खटकलं, अशी हकीकत सांगितली जाते. 1931 साली त्याने दोन मार्गांच्या आवाजासाठी, ज्याला आज आपण स्टिरिओ म्हणतो त्यासाठी, पेटंटचा अर्ज केला. त्यातलं मर्म आजही तेच आहे. दोन स्पीकरांतून आलेले आवाज दोन्ही कानांपाशी योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात पोचले, तर मध्ये काहीही नसताना मधूनच कुणी बोलतंय असा भास होतो. प्रमाण किंवा वेळ चुकली की भास मोडतो.

ही वेळ किती नाजूक असते पाहा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर, म्हणजे साधारण 1125 फूट जातो. एक फूट जायला त्याला एक मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. तुम्ही डाव्या स्पीकरपासून 8 फुटांवर आणि उजव्यापासून 7 फुटांवर बसलात, तर फरक जेमतेम मिलिसेकंदाचा. पण तेवढ्याने मधला भास उजवीकडे सरकतो, कारण आधी पोचलेल्या आवाजावर मेंदू विसंबतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 साली या विषयावर प्रबंध लिहिला आणि त्याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. दहा फुटी हॉलमध्ये एक फुटाची चूक सहज होते. सोफ्याच्या ज्या टोकाला पंख्याचा वारा लागतो तिथे आपण बसतो, आणि चूक झालीच.

म्हणून माझ्या हत्यारांमध्ये पहिलं आहे सुतळी. सोफ्यावरच्या मुख्य जागी, डोकं जिथे येतं तिथे, सुतळीचं एक टोक कुणाला तरी धरायला सांगा. दुसरं टोक डाव्या स्पीकरपर्यंत न्या, गाठ मारा, आणि तीच सुतळी उजवीकडे फिरवा. गाठ जिथे येते तिथे उजवा स्पीकर. दोन मुलं घरात असतील तर हे काम आनंदाने करतात.

दोन स्पीकरांमधलं अंतर किती, याचं उत्तर कोनात आहे. समोर मध्यावर बघत बसलेल्या माणसाच्या नजरेपासून डावा आणि उजवा स्पीकर प्रत्येकी 22 ते 30 अंशांवर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पाच स्पीकरांच्या मांडणीचा जो आंतरराष्ट्रीय दंडक आहे त्यात 30 अंश धरले आहेत. आता आपल्या हॉलमध्ये हे किती होतं? तुम्ही प्रत्येक स्पीकरपासून 8 फुटांवर बसत असाल, तर 30 अंशांना दोघांमधलं अंतर 8 फूट येतं, म्हणजे बरोबर समभुज त्रिकोण. 22 अंशांना ते सुमारे 6 फूट होतं. दहा फुटांच्या भिंतीवर 8 फूट घेतले तर दोन्ही बाजूंना एकेक फूट उरतो आणि स्पीकर कोपऱ्यांत शिरू लागतात. मी 7 फुटांच्या आसपास थांबतो. लहान हॉल असणं इथे आड येत नाही. उलट मोठ्या बंगल्यातल्या पंचवीस फुटी दिवाणखान्यात हा त्रिकोण जमवताना जास्त त्रास होतो, हे मी पाहिलेलं आहे.

उंचीचं मात्र कुणी ऐकत नाही. स्पीकरमधला लहान ट्वीटर साधारण बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. त्याचा बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा एका दिशेने जातो. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’ ही व्यंजनं ज्या बारीक आवाजांमुळे वेगळी ओळखू येतात, ते या झोतात असतात. झोत डोक्यावरून गेला की स्वर ऐकू येतात, व्यंजनं विरतात, आणि म्हाताऱ्या माणसाला नेमकं हेच आधी जाणवतं, कारण वयाबरोबर कानाची बारीक आवाजाची पकड आधी सुटते. वडिलांना आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हता. व्हॉल्यूम वाढवून हे सुटणारं नव्हतं.

सिनेमागृहात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला असतो. तिथल्या पडद्याला बारीक भोकं असतात आणि मधला स्पीकर पडद्याच्या मागे उभा असतो, त्यामुळे शब्द नटाच्या तोंडातून निघाल्यासारखा वाटतो. टीव्हीला भोकं पाडता येत नाहीत. म्हणून सेंटर स्पीकर टीव्हीच्या खाली किंवा वर जातो, आणि म्हणून तो तिरका करून कानाकडे वळवणं एवढं महत्त्वाचं ठरतं.

आता सर्वात अवघड भाग, सबवूफर. या पुस्तिकेची सर्वात जास्त पानं त्यालाच दिली आहेत.

जाड आवाजाच्या लाटा लांब असतात. 56 हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट सुमारे 20 फूट लांब, म्हणजे दहा फुटी खोलीच्या बरोबर दुप्पट. अशी लाट दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकते आणि तिथल्या तिथे डोलत राहते. 14 फुटांच्या बाजूला हेच 40 हर्ट्‌झपाशी घडतं, आणि जमीन ते छत साडेनऊ फूट असेल तर 59 हर्ट्‌झपाशी. आमच्या हॉलमध्ये 56 आणि 59 हे दोन आकडे अगदी शेजारी आले. दोन घुमारे एकावर एक बसले. सिनेमात विमान उडो, ढग गडगडो, की कुणी डग्ग्यावर हात मारो, आमच्याकडे सगळ्यांचा एकच ‘घूंऽऽ’ व्हायचा. दोष सबवूफरचा नव्हता. लांबी, रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असलेली चौकोनी खोली या बाबतीत सर्वात वाईट. 10 बाय 10 चा हॉल असेल तर ही गोष्ट मनाशी धरूनच पुढे जावं लागतं.

या अडकलेल्या लाटेचा जोर भिंतीपाशी सर्वात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकवून बसलात तर घुमारा अंगावर येतो, आणि खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून बसलात तर जाड आवाज नाहीसा होतो. दोन्ही जागा टाळाव्यात. आपल्या घरांत सोफा भिंतीला लागूनच असतो, हे मला माहीत आहे. मधून स्वयंपाकघराकडे जायला वाट लागते. तरी फूटभर पुढे घेता आला तर घ्या. नाही जमलं तर वीतभर.

सबवूफरची जागा शोधायची माझी आवडती रीत थोडी विचित्र दिसते. सबवूफर उचलून चक्क सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा. ज्यात खर्जाचे वेगवेगळे स्वर स्पष्ट आहेत असं एखादं गाणं लावायचं, आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने हॉलभर फिरायचं, कान जमिनीपासून सबवूफरच्या उंचीला ठेवून. एका कोपऱ्यात सगळं घुमतं, दोन पावलांवर एक स्वर गायब होतो, आणि एखाद्या जागी प्रत्येक स्वर सारख्या वजनाने, सुटासुटा ऐकू येतो. सबवूफरची जागा ती. आमच्याकडे ती दिवाणाच्या पायथ्याशी निघाली, जिथे मी स्वतःहून तो कधीच ठेवला नसता. सुमारे 80 हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीटसं ठरवता येत नाही, म्हणूनच ही मोकळीक मिळते. सबवूफर टीव्हीशेजारीच हवा असं बंधन नाही.

मागच्या स्पीकरांबद्दल थोडक्यात. दोन सराउंड स्पीकर पाठीमागे नकोत, बाजूला आणि किंचित मागे हवेत, नाकासमोरच्या रेषेपासून मोजल्यास 100 ते 120 अंशांवर. उंची कानापेक्षा दीड-दोन फूट वर चालते. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर सात स्पीकरांची यंत्रणा घेऊच नका. पाठीमागचे दोन स्पीकर ठेवायला पाठीमागे जागाच नाही, आणि ते डोक्याला चिकटून वाजले तर त्रासच होतो. पाच पुरे. डॉल्बी ॲटमॉस ही वरून आवाज देणारी पद्धत 2012 मध्ये सिनेमागृहांत आली आणि पुढे घरांतही. त्यात छताकडे तोंड करून आवाज उडवणारे स्पीकर मिळतात. त्यांना सपाट, कडक छत लागतं. पीओपीची नक्षी, पायऱ्यापायऱ्यांचं फॉल्स सीलिंग आणि मध्ये फिरता पंखा असेल तर ते पैसे वाचवा.

डॉल्बीचं नाव निघालंच आहे, तर एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. रे डॉल्बी 1963 ते 1965 या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात, चंडीगडला होते. 1965 सालीच त्यांनी लंडनमध्ये आपली कंपनी काढली. ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करणं हे तिचं पहिलं काम. शब्दाच्या भोवतीचा गोंगाट आधी काढायचा, हा त्यामागचा विचार मला घरातही उपयोगी वाटतो.

कारण आपल्या हॉलमध्ये गोंगाट फार. व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची स्लायडिंग खिडकी, गुळगुळीत रंगवलेल्या भिंती, काचेचं टीपॉय. आवाज कुठेच मुरत नाही, नुसता आपटत राहतो. वॉलेस सेबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकाकडे 1895 साली असंच एक सभागृह आलं होतं, जिथे व्याख्यात्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. त्याने काय करावं? जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात थोड्या थोड्या मांडून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचं, आणि सकाळ व्हायच्या आत त्या परत नेऊन ठेवायच्या. खोलीतल्या आवाजाचं शास्त्र असं गाद्यांवर उभं राहिलं. आपल्या घरी गाद्यांची वाण नाही. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी, खिडकीला चुण्यांचा भरगच्च पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, एवढ्याने संवाद उजळतो. भिंतीवर नेमकं कुठे काही लावायचं हे कळण्यासाठी हातआरसा घ्या. दुसऱ्याला भिंतीवर तो सरकवायला सांगा. सोफ्यावरून आरशात स्पीकर जिथे दिसतो, तिथून आवाज आपटून तुमच्याकडे येतो. त्या जागी काहीतरी मऊ आणि जाड हवं. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल भिंतीला चिकटवू नका. त्याने शेजाऱ्यांकडे जाणारा आवाजही थांबत नाही आणि घुमाराही जात नाही. पडद्याने किंवा सतरंजीनेही जाड आवाजाचा घुमारा कमी होत नाही. त्याला जागाच बदलावी लागते.

वॅटचा आकडा बघून खरेदी करणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजार-हजार पीएमपीओ छापलेलं असायचं, ते आठवत असेल. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. आठ फुटांवर बसून सिनेमा बघताना बहुतेक वेळ स्पीकरला एक-दोन वॅटच लागतात. मोठ्या धमाक्याला क्षणभर त्याच्या कित्येक पट. आणि शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने. शंभर वॅटऐवजी दोनशे घेण्यात जो पैसा जातो, त्यात चांगले स्टँड, थोडी जाड तार आणि केसिंग पट्टी येते. तार जोडताना लाल लालला, काळी काळ्याला. एका स्पीकरची उलटी लागली तर जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि कित्येक घरांत वर्षानुवर्षं तो तसाच वाजत असतो.

राहिले शेजारी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पण नियमाच्याही आधी माणुसकी येते. सबवूफरचा आवाज स्लॅबमधून खाली जातो. खालच्या घरात कुणी आजारी असेल, कुणाची दहावी असेल. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा. तो मोठे आवाज खाली आणतो आणि हळू आवाज वर उचलतो, म्हणजे संवाद राहतो आणि धमाका जातो. आवाज कमी ठेवला की खर्ज मुळातच कानाला कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच हे मोजून दाखवलं होतं. त्याची भरपाई म्हणून सबवूफर वाढवायचा मोह होतो, तो आवरा.

आणि शांततेसाठीही जागा ठेवा. ‘सैराट’चा शेवट ज्यांनी सिनेमागृहात पाहिला त्यांना आठवत असेल, संगीत नाही, बोलणं नाही, आणि सगळं प्रेक्षागृह श्वास धरून. घरी तोच प्रसंग पंख्याच्या घरघरीत आणि फ्रीजच्या गुणगुणण्यात निम्मा होतो. सिनेमापुरता पंखा एकवर ठेवा. स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या.

पुढच्या प्रकरणांत हॉलचे चार नकाशे दिले आहेत: 10 बाय 10, 10 बाय 14, एल आकाराचा, आणि एका बाजूला स्वयंपाकघर उघडं असलेला. तुमचा हॉल त्यांपैकी एकाला तरी जुळेल. रिसीव्हरबरोबर येणारा छोटा माइक कुठे ठेवायचा, त्याने मोजलेले आकडे कसे वाचायचे आणि ते कधी मानायचे नाहीत, हे शेवटच्या प्रकरणात आहे. तो माइक मांडणीनंतर वापरायचा. चुकीच्या जागी ठेवलेला स्पीकर कुठलंही यंत्र पूर्ण सुधारू शकत नाही.

पण पान उलटण्याआधी एक करा. घरातलं जे माणूस “काय म्हणाला?” असं सर्वात जास्त वेळा विचारतं, त्याला त्याच्या नेहमीच्या जागी बसवा. एखादा संवादाचा प्रसंग हळू आवाजात लावा. सेंटर स्पीकर कप्प्यातून बाहेर ओढा, त्याचं तोंड त्या माणसाच्या कानाकडे वळवा, आणि प्रत्येक वाक्य कळलं का हे त्यालाच विचारा.